शब्दाची सम

ऑनलाइन गाणं शिकवणाऱ्यांची एक तक्रार सारखी कानावर येते. शिष्या न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये असते, घरी मराठी थोडंफार कळतं, पण शिकवणी इंग्रजीतून. मुलगी गळा ताणून, मोठ्यांदा गात असते. गुरुजी सांगतात, 'सिंग स्लोली.' ती निमूट लय कमी करते आणि गळा तसाच ताणलेला राहतो. गुरुजी पुन्हा 'स्लोली, स्लोली' म्हणतात आणि ती आणखी संथ होते. दोघांनाही वाटतं, समोरच्याला कळत नाही. मराठीतलं 'हळू' वेगालाही चालतं आणि आवाजालाही. इंग्रजीत मात्र ही कामं वाटून दिलेली आहेत. वेग कमी हवा असेल तर 'स्लोली', आवाज कमी हवा असेल तर 'सॉफ्टली' किंवा 'क्वाएटली'. एवढा एक शब्द बदलला की त्या दिवसाचा तास मार्गी लागतो.

हा लेख अशा कामाच्या लोकांसाठी आहे. गाणं-वाजवणं शिकवणारे, परदेशी श्रोत्यांपुढे निवेदन करणारे, माईक आणि मिक्सर सांभाळणारे, मुलांना पियानोच्या परीक्षेला बसवणारे आईवडील. साहेबासारखं बोलायला शिकवण्याचा इथे हेतू नाही, आणि तशी गरजही नाही. समोरच्याला पहिल्या झटक्यात कळावं, एवढं बघायचं.

'हळू'सारखाच दुसरा पसरट शब्द म्हणजे 'आवाज'. लताबाईंचा आवाज, रेल्वेचा आवाज आणि शेजारच्या ड्रिलचा आवाज आपल्याला एकाच शब्दात भागतात. इंग्रजीत माणसाच्या गळ्यातून येतो तो 'व्हॉइस', कानाला जे जे ऐकू येतं ते 'साउंड' आणि नकोसं वाटतं ते 'नॉइज'. म्हणून गायिकेच्या 'साउंड'चं कौतुक केलं की थोडं खटकतं आणि 'नॉइज' म्हटलं तर अपमानच होतो. 'साउंड पोल्युशन' हा प्रयोगही आपल्याकडे सर्रास होतो. आपल्या सरकारी नियमांचं इंग्रजी नाव मात्र 'नॉइज पोल्युशन' असंच आहे. २००० साली आलेल्या या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलच्या आडनावावरून आलेल्या या 'डेसिबल' शब्दात जोर पहिल्या 'डे'वर येतो.

व्हिडिओ कॉलवर 'युवर व्हॉइस इज नॉट कमिंग' हे वाक्य भारतात चालून जातं, कारण समोरचाही मनातल्या मनात 'आवाज येत नाही' असंच म्हणत असतो. बाहेर म्हणावं, 'आय कान्ट हिअर यू.' आवाज तुटत असेल तर 'यू आर ब्रेकिंग अप', घुमत असेल तर 'देअर इज ॲन एको', खरखर असेल तर 'देअर इज सम स्टॅटिक'. तबला शिकवताना सगळ्यांत जास्त लागतो तो शब्द 'लॅग': आवाज उशिरा पोचणं. तुम्ही सम दाखवता आणि विद्यार्थ्याची टाळी नंतर येते, तेव्हा तो चुकलेला नसतो, मधे लॅग असतो. आधीच 'देअर इज अ लॅग, डोन्ट ट्राय टु प्ले विथ मी' असं सांगून टाकावं आणि आळीपाळीने वाजवावं.

'हिअर' आणि 'लिसन' यांतला फरक शाळेत शिकवतात, तरी गडबड होतेच. कानावर पडलं ते 'हिअर', कान देऊन ऐकलं ते 'लिसन', आणि 'लिसन'च्या मागे 'टू' हवाच. 'लिसन मी' म्हणणारे गुरू बरेच आहेत. या शब्दातला टी लिहायचा, बोलायचा नाही. 'म्युझिक'चं अनेकवचन करायचं नाही आणि 'अ म्युझिक'ही म्हणायचं नाही. एखादी चीज किंवा धून म्हणायची असेल तर 'अ पीस ऑफ म्युझिक' किंवा नुसतं 'अ पीस'. वाद्य वाजवणं आणि मोबाइलवर गाणं लावणं, दोन्हींना 'प्ले' पुरतं.

आता सुराकडे. उंच-खालचा सूर आणि लहान-मोठा आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गाणाऱ्याला सांगायला नको. पण इंग्रजीत बोलताना 'हाय' आणि 'लो' दोन्हीकडे वापरले जातात आणि घोळ होतो. शिकवताना सरळ नियम करून टाका: सुराच्या उंचीसाठी 'हाय' आणि 'लो', आवाजाच्या प्रमाणासाठी 'लाउड' आणि 'सॉफ्ट'. ('इन अ लो व्हॉइस' म्हणजे दबक्या आवाजात, हा अपवाद कथा-कादंबऱ्यांत भेटतो, वर्गात त्याच्या नादाला लागू नका.) सूर किंचित खाली लागत असेल तर 'यू आर फ्लॅट', चढा लागत असेल तर 'यू आर शार्प'. 'यू आर लो' म्हटलंत तर शिष्या जोरात गायला लागेल. वाद्य उतरलं असेल तर ते 'आउट ऑफ ट्यून', आणि तानपुरा लावणं किंवा तबला मिळवणं म्हणजे 'टु ट्यून'.

हेच 'फ्लॅट' आणि 'शार्प' कोमल-तीव्रासाठीही येतात. कोमल गंधार म्हणजे 'फ्लॅट थर्ड', तीव्र मध्यम म्हणजे 'शार्प फोर्थ' आणि शुद्ध स्वराला 'नॅचरल'. कोमलचं 'सॉफ्ट' केलं तर विद्यार्थी तो स्वर दबक्या आवाजात लावेल. सप्तकाला 'ऑक्टिव्ह' म्हणायचं. आपण वरचा षड्ज पुढच्या सप्तकात मोजतो, पाश्चात्त्य संगीतवाले तो धरून आठ मोजतात. शेवटी 'टिव्ह' आहे, 'टेव्ह' नव्हे.

पट्टी सांगताना आपल्याकडे 'काळी चार', 'पांढरी पाच' चालतं. पेटीवर बोट ठेवून ठरलेली ही भाषा सोयीची आहे, पण 'ब्लॅक फोर' म्हटलं तर पियानोवाला माना वेळावत राहील. त्याच्यासाठी भाषांतर करून ठेवा. पांढरी एक म्हणजे सी, पांढरी दोन डी, मग ई, एफ, जी, ए, बी. काळी एक सी शार्प, काळी दोन डी शार्प, काळी तीन एफ शार्प, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प. तेव्हा 'माझी पट्टी काळी चार' हे इंग्रजीत 'माय सा इज ॲट जी शार्प'. समोरचा 'ए फ्लॅट' म्हणाला तर गोंधळू नका, तीच पट्टी आहे. आणि मोबाइलवरच्या तानपुऱ्यात ४४० असा आकडा दिसतो तो मधल्या सप्तकातल्या पांढरी सहाचा. तो ए स्वर ४४० हर्ट्झला धरायचा असं १९३९ साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरलं.

एवढं शब्दांचं झालं. उच्चारांत मात्र मराठी माणसाची खरी अडचण टी-डीची किंवा थ-दची नसून वजनाची आहे. आपण शब्दातलं प्रत्येक अक्षर सारख्या मापाने बोलतो. इंग्रजी शब्दात एका अक्षरावर जोर पडतो आणि बाकीची अक्षरं त्याच्याभोवती आटून जातात. संगीतातल्या माणसाला हे एका वाक्यात समजतं: प्रत्येक शब्दाला एक सम आहे. बोल सगळे बरोबर वाजवले आणि सम भलत्याच मात्रेवर आली तर ऐकणाऱ्याचा ठेका सुटतो. इंग्रजाचंही तेच होतं. तुमचे स्वर-व्यंजन थोडे मराठी असले तरी तो सांभाळून घेतो. जोर चुकला की त्याला शब्दच ओळखू येत नाही. भातखंडे पद्धतीत समेखाली गुणाकाराची खूण असते, तशी इंग्रजी शब्दकोशात जोराच्या अक्षराच्या आधी, वरच्या अंगाला बारीक उभी रेघ असते. केंब्रिज किंवा ऑक्सफर्डच्या ऑनलाइन शब्दकोशात लाउडस्पीकरचं चिन्ह दाबायच्या आधी ती रेघ शोधायची सवय लावा.

आपण 'मेलोडी' म्हणतो, तिथे हवं 'मे-ल-डी', जोर 'मे'वर. मधला ओ जवळजवळ पुसला जातो. 'हार्मोनी' नव्हे, 'हार्-म-नी'. 'सिम्-फ-नी', 'सॅक्-स-फोन', 'माय्-क्र-फोन', 'इन्-स्ट्र-मन्ट' आणि 'ऑर्-कि-स्ट्र' या सगळ्यांची सम पहिल्याच अक्षरावर आहे. आटलेल्या अक्षरातला स्वर आपल्या 'अ'सारखा, तोही उडता. तो पूर्ण वाजवण्याचा मोह आवरला की निम्मं काम झालं.

शब्दाला शेपूट लागलं की सम सरकते, हा भाग मला सगळ्यात गमतीचा वाटतो. शेवटी 'इक' लागलं की जोर त्याच्या बरोब्बर आधीच्या अक्षरावर येतो: 'मे-ल-डी'चं 'म-लॉ-डिक' होतं, 'हार्-म-नी'चं 'हार्-मॉ-निक', 'सिम्-फ-नी'चं 'सिम्-फॉ-निक'. जो ओ पहिल्या शब्दात पुसला गेला होता तोच दुसऱ्यात ठसठशीत वाजतो. 'अकूस्टिक'ही याच घराण्यातला, जोर 'कू'वर. 'शन' आणि 'इअस' ही शेपटंही असंच वागतात. 'म्यू-झिक', पण 'म्यू-झि-शन'; 'हार्-मो-निअस', 'म-लो-डिअस'. म्हणजे दहा शब्द पाठ करण्याऐवजी शेपूट ओळखलं की दहा सुटतात. आपली पेटीही याच वळणावर आहे: 'हार्-मो-निअम', जोर 'मो'वर. 'ऑर्किस्ट्र'चं विशेषण करताना 'ऑर्-के-स्ट्रल', जोर 'के'वर.

काही शब्दांत जोर बदलला की अर्थ बदलतो. 'रे-कॉर्ड', जोर पुढे, म्हणजे तबकडी किंवा नोंद. 'रि-कॉर्ड', जोर मागे, म्हणजे ध्वनिमुद्रण करणं. 'कॉन्-डक्ट' म्हणजे वर्तणूक, 'कन्-डक्ट' म्हणजे वाद्यवृंद चालवणं. 'प्रॉ-जेक्ट' म्हणजे प्रकल्प, 'प्र-जेक्ट' म्हणजे आवाज फेकणं. नाटकवाल्यांना हा दुसरा रोज लागतो. नाम असेल तर जोर पुढे आणि क्रियापद असेल तर मागे, हे या गटापुरतं तरी डोळे मिटून धरा.

स्पेलिंगवरून उच्चार काढायला जाऊ नये असं आपण ऐकतो. संगीताच्या शब्दांत तो काढता येतो, फक्त शब्द कुठल्या देशाचा हे आधी ओळखायला हवं. सी-एच ही जोडी घ्या. ग्रीकमधून आलेल्या शब्दांत ती 'क' होते: कोरस, ऑर्किस्ट्र, क्रोमॅटिक आणि एको. 'क्वायर'ही याच रांगेतला, लिहायला चमत्कारिक आणि म्हणायला 'क्वायर'. आपल्याकडे प्रत्येक साउंडवाला 'इको जरा वाढव' म्हणतो. शब्द 'ए-को' आहे, सम 'ए'वर. अर्थात लग्नाच्या मांडवात हे शिकवत बसू नका. तिथे 'इको' म्हटलं तरच तो वाढेल.

इटालियन शब्दांत नुसता सी, पुढे ई किंवा आय असेल तर 'च' होतो. म्हणून 'चेलो', म्हणून 'कन्-चेर्-टो'. एस-सी असेल तर 'श', म्हणून 'क्र-शेन्-डो'. या शेवटच्या शब्दाचा अर्थही जपून वापरा. क्रशेन्डो म्हणजे आवाज हळूहळू वाढत जाणं. वाढून वाढून पोचतो त्या शिखराला तो शब्द नाही, जरी इंग्रजी वर्तमानपत्रं दर आठवड्याला कुठला तरी वाद 'क्रशेन्डो'ला पोचवत असली तरी. उलट दिशेचा शब्द 'डिमिन्यूएन्डो'. 'पियानो' म्हणजे मुळात मृदू आणि 'फॉर्टे' म्हणजे जोरकस. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये मेदिची घराण्याच्या पदरी असलेल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने असं वाद्य बनवलं, ज्यात बोटाच्या दाबावर मृदू-जोरकस असे दोन्ही स्वर निघत. त्याआधीच्या हार्प्सिकॉर्डला ते जमत नव्हतं. त्या नव्या करामतीवरूनच नाव पडलं 'पियानोफोर्ते', आणि वापरता वापरता मागचं 'फोर्ते' गळून पडलं. मुंबईत एनसीपीएमध्ये, तिथल्या २००६ साली स्थापन झालेल्या सिम्फनी ऑर्किस्ट्र ऑफ इंडियाच्या कार्यक्रमाला गेलात तर हातातल्या पत्रिकेवर 'अलेग्रो' (चपळ), 'अन्डान्टे' (चालीचालीने) आणि 'अडाजिओ' (संथ) असे शब्द दिसतील. ती बऱ्याचदा रचनेच्या भागांची नावं असतात. भागाला 'मूव्हमेंट' म्हणतात आणि दोन भागांच्या मधे टाळ्या वाजवायच्या नाहीत, असा तिथला शिरस्ता आहे. आपल्यासारखं जागेवर दाद देण्याचं सुख त्यांच्या नशिबी नाही.

फ्रेंच शब्दांत शेवटची अक्षरं गिळली जातात. 'बॅले'तला टी गेला, 'डेब्यू'तलाही गेला. 'रेपर्ट्वार' म्हणजे कलाकाराच्या पोतडीतल्या सगळ्या चिजा. अनेक छोट्या रचनांची माळ म्हणजे 'स्वीट', मिठाईच्या 'स्वीट'सारखाच उच्चार. हॉटेलमधली मोठी खोलीही 'स्वीट'च, 'सूट' नव्हे. स्वराचा पोत, ज्यामुळे एकच षड्ज सनईचा की सारंगीचा हे डोळे मिटून कळतं, त्याला 'टँबर' म्हणतात. स्पेलिंग बघून 'टिंब्रे' वाचणारे खूप आहेत. आणि 'झाँर', म्हणजे संगीताचा प्रकार, यातला पहिला वर्ण मराठीत नाही. तो काढायची सोपी युक्ती आहे. गळ्यावर बोट ठेवून लांबवर 'श्श्श' म्हणत राहा आणि ते न थांबवता गळ्यात कंप आणा. बोटाला थरथर लागली की वर्ण सापडला. हाच वर्ण 'फ्यूजन'मध्ये आहे आणि 'मेझर'मध्येही.

तोंडाच्या आणखी दोन-तीन सवयी बघण्यासारख्या आहेत. 'म्युझिक'मधला झेड आपण 'बाजार'मधल्या ज ने भागवतो. तो ज म्हणताना जिभेचं टोक क्षणभर वर टेकतं. ते टेकू दिलं नाही आणि हवा सरकत ठेवली की झेड मिळतो. 'सिंगर' म्हणताना आपण 'ग' ठासून म्हणतो. इंग्रजीत तिथे ग नाही, फक्त आपल्या बाराखडीत बेकार बसलेला 'ङ' आहे: 'सिङर'. 'फिंगर'मध्ये मात्र ग आहे. आणि व. मराठीचा व दोन इंग्रजी वर्णांच्या मधोमध उभा आहे. एका वर्णात वरचे दात खालच्या ओठावर टेकतात: व्हॉइस, व्हायोलिन, व्हॉल्यूम, व्हायब्राटो. दुसऱ्यात दातांचा संबंध नाही, ओठांचा चंबू होतो: विंड, वेव्ह, वूफर. लिहिताना आपण 'व्ह' आणि 'व' असा फरक करतो खरा, पण डब्ल्यू-एच दिसलं की तिथेही 'व्ह' लिहितो आणि 'व्हिसल' व 'व्हायोलिन' एका रांगेत बसतात. शिट्टीला दात लावायचे नाहीत. 'विसल' म्हणा, टी गिळून.

सारख्या उच्चारांच्या जोड्या लिहिताना फसवतात. टाळ-झांजांना 'सिंबल' आणि चिन्हालाही 'सिंबल'. खर्जाच्या स्वरांना 'बेस', पायालाही 'बेस'. खर्जाच्या बेसचं स्पेलिंग बघून 'बास गिटार' म्हणू नका, 'बास' हा मासा आहे. 'कॉर्ड' दोन आहेत. एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या कॉर्डमध्ये एच आहे. गळ्यातल्या स्वरतंतूंच्या 'व्होकल कॉर्ड्स'मध्ये नाही, कारण ती दोरीवाली कॉर्ड आहे. शिबिरांच्या जाहिरातींत ही चूक हमखास दिसते. भजनासारखं जे चर्चमध्ये गातात ते 'हिम', शेवटचा एन मुका. आणि 'साम' लिहिताना पी आणि एल दोन्ही येतात, बोलताना एकही नाही.

सुरांच्या बाहेरचे आवाज म्हणजे खडखड, सळसळ, किणकिण. यांत मराठी श्रीमंत आहे आणि म्हणूनच इंग्रजीत गेल्यावर आपण अडतो. मग 'टक-टक साउंड' असं काहीतरी म्हणून वेळ मारून नेतो. इंग्रजीत या आवाजांची थेट क्रियापदं आहेत. ती पाठ करायला स्वयंपाकघरासारखी जागा नाही. फोडणीत मोहरी तडतडते ती 'क्रॅकल' होते किंवा 'पॉप' होते. भारतीय पाककृतींत 'स्प्लटर' लिहितात. तापल्या तेलात भजी सोडली की चुर्र होतं ते 'सिझल'. मंद आचेवर आमटी रटरटते ते 'सिमर', जोरात खदखदायला लागली की 'बबल'. पेल्याला पेला लागला की 'क्लिंक', घासायची भांडी एकदम कोसळली की 'क्लॅटर', लोखंडी तवा फरशीवर पडला की 'क्लँग'. कणकेचा गोळा ओट्यावर आपटला तर 'थड'. किराण्याची पिशवी वाजते ते 'रसल', इथेही टी मुका. मिक्सर सुरू झाला की 'वर्र', आणि तेल न घातलेलं कपाटाचं दार 'क्रीक'. रोज काम करताना एकेक शब्द मनात म्हणत गेलं तर आठवड्याभरात बसतात, कारण आवाज प्रत्यक्ष कानात असतो.

यातही एक खूण सापडते. मराठीत आवाज पुन्हा पुन्हा होत असेल तर आपण शब्द दुणा करतो. इंग्रजीत बऱ्याचदा शेवटी बारीक 'ल' येतो. 'क्रॅक' म्हणजे एकदाच तडकणं, 'क्रॅकल' म्हणजे तडतड. 'रॅटल' खडखड, 'टिंकल' किणकिण, 'रसल' सळसळ, 'रंबल' गडगड. प्रत्येक 'ल'कारान्त शब्दाला हे लागू होत नाही, पण नवा शब्द समोर आला तर अंदाज बांधायला पुरतं.

आपल्याकडे रुळलेले काही इंग्रजी शब्द बाहेर भलताच अर्थ देतात, त्यांच्यापासून सावध. 'बँजो पार्टी'तला बँजो म्हणजे बटणं असलेला बुलबुलतरंग. इंग्रजीतला बँजो गोल, कातडी ताणलेला, लांब मानेचा, आफ्रिकी वंशाच्या गुलामांनी अमेरिकेत घडवलेला. लग्नाच्या वरातीचं वर्णन करताना नुसतं 'बँजो' म्हटलंत तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वेगळंच चित्र येईल. 'अ कीड स्ट्रिंग इन्स्ट्रुमेंट' असं जोडा. 'डॉल्बी'चं तर काय सांगावं. रे डॉल्बीने १९६५ साली कंपनी काढली ती ध्वनिमुद्रणातली नकोशी फुसफुस कमी करायला. आपण त्याचं नाव दिलं भिंतीएवढ्या स्पीकरांच्या थराला. बाहेर त्याला 'पीए सिस्टिम' किंवा 'स्पीकर स्टॅक' म्हणा.

याच्या उलट, आपले शब्द इंग्रजी वळणाने म्हणण्याची अजिबात गरज नाही. 'टॅब्ला' आणि 'रागा' ते म्हणोत, तुम्ही तबला आणि राग म्हणा. 'खाली'चं 'एम्प्टी' करू नका. 'खाली' म्हणा, हात उलटा करून दाखवा आणि 'द अनस्ट्रेस्ड पार्ट ऑफ द सायकल' असं एकदा सांगा. मात्रेला 'बीट', आवर्तनाला 'सायकल', लयीला 'टेम्पो', बंदिशीला 'कॉम्पझिशन' एवढं ठीक आहे. तालाला 'रिदम' म्हणणं मला पटत नाही; रिदम कशालाही असतो, तालाला ठरलेलं आवर्तन असतं. लिहिताना 'रिदम' या शब्दात ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एकही येत नाही, हे लक्षात ठेवलं की स्पेलिंग चुकत नाही.

निवेदनासाठी दोन वाक्यं तयार ठेवा. 'आय विल बिगिन विथ अ कॉम्पझिशन इन राग यमन, सेट टु अ सायकल ऑफ सिक्स्टीन बीट्स.' इथे 'कॉम्-प-झि-शन', सम 'झि'वर. मग साथीदारांची ओळख. 'विथ तबला' म्हणायची सवय सोडा. वाद्याच्या आधी 'ऑन' येतो: 'आय ॲम अकम्पनीड बाय' म्हणा, साथीदाराचं नाव घ्या, आणि 'ऑन द तबला' म्हणा. 'अ-कम्-प-नी'त जोर 'कम्'वर. एकल कार्यक्रमाला 'रि-साय-टल' म्हणतात, 'रेसिटल' नव्हे. ही वाक्यं मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. शब्दकोशातला आवाज एकट्या शब्दाचा असतो. वाक्यात तो कसा वाजतो हे बघायचं असेल तर यूग्लिश या संकेतस्थळावर शब्द टाका. तो शब्द जिथे जिथे उच्चारला गेलाय त्या यूट्यूबवरच्या चित्रफिती एकामागून एक समोर येतात, ब्रिटिश आणि अमेरिकी वेगवेगळ्या निवडून.

शेवटी परीक्षांचं. गोव्यात चर्चच्या शाळांमुळे पाश्चात्त्य स्वरलिपी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आणि तिथल्या वादकांनी ती मुंबईच्या सिनेसंगीतात नेली. पुण्या-मुंबईत बहुतेक मुलं ती लंडनच्या ट्रिनिटी किंवा एबीआरएसएमच्या परीक्षांसाठी शिकतात. तिथे स्वरचिन्हांची ब्रिटिश नावं येतात: चार मात्रांचं 'सेमिब्रीव्ह', दोनाचं 'मिनिम', एकाचं 'क्रॉचिट', अर्धीचं 'क्वेव्हर', पावचं 'सेमिक्वेव्हर'. गंमत अशी की 'ब्रीव्ह'चा मूळ अर्थ आखूड. म्हणजे आज नेहमीच्या वापरात ज्याला सर्वांत लांब धरतात ते चिन्ह नावाने 'अर्धं आखूड' आहे. अमेरिकेत हा सगळा संसार अपूर्णांकांत मांडलेला: 'होल नोट', 'हाफ नोट', 'क्वार्टर नोट', 'एट्थ नोट', 'सिक्स्टीन्थ नोट'. ब्रिटिश 'बार' तिकडे 'मेझर' होतो, बासरीवादकाला लंडनमध्ये 'फ्लॉटिस्ट' म्हणतात आणि न्यूयॉर्कमध्ये 'फ्लूटिस्ट'. ट्रिनिटीला बसणाऱ्या मुलीच्या वहीत ब्रिटिश नावं लिहून द्या, आणि न्यू जर्सीच्या विद्यार्थ्याला पहिल्याच तासाला विचारून घ्या की त्याच्या शाळेच्या बँडमध्ये काय म्हणतात. बहुधा तो 'क्वार्टर नोट' म्हणेल. मग त्याच्याशी तेच बोला.